ईमेल खात्याचे अपहरण आणि डेस्कटॉप मेल प्रोग्राम

ईमेल खात्याचे अपहरण म्हणजे एखाद्या व्यक्तीच्या किंवा संस्थेच्या ईमेल खात्यात अनधिकृत व्यक्तीने प्रवेश मिळवून त्यातील पत्रव्यवहार वाचणे, पुसणे, अन्यत्र वळवणे किंवा खातेदाराच्या नावाने पत्रे पाठवणे होय. व्यवहारात यास 'ईमेल हॅक होणे' असे म्हटले जाते. थंडरबर्ड, आउटलुक यांसारख्या संगणकावर बसवलेल्या मेल प्रोग्राममधून वापरले जाणारे खाते अपहृत झाल्यास ते सावरण्याची रीत थोडी निराळी असते. असा प्रोग्राम पासवर्ड साठवून ठेवतो, पत्रांची प्रत संगणकावर उतरवतो आणि खातेदाराच्या नकळत दर काही मिनिटांनी सर्व्हरशी संपर्क साधतो. त्यामुळे केवळ पासवर्ड बदलून घुसखोर बाहेर जाईलच असे नसते. खात्यात शिरण्याचे इतर मार्गही एकेक करून तपासून बंद करावे लागतात.

पार्श्वभूमी

मेल प्रोग्रामचा वापर आजही प्रामुख्याने कार्यालये व लघुउद्योग यांत आढळतो. पिंपरी-चिंचवड महानगरपालिकेत इ.स. १९९७ मध्ये समाविष्ट झालेले मोशी हे गाव पुणे–नाशिक महामार्गावर, भोसरी आणि चाकण या दोन मोठ्या औद्योगिक क्षेत्रांच्या दरम्यान आहे. या पट्ट्यात वाहन उद्योगाला सुटे भाग पुरवणारे व जॉबवर्क करणारे असंख्य लहान कारखाने आहेत. परचेस ऑर्डर, यंत्रभागांची ड्रॉइंग, कोटेशन, चलन आणि बिले यांची देवाणघेवाण मोठ्या प्रमाणावर ईमेलनेच होते. अनेक वर्षांचा पत्रव्यवहार एकाच ठिकाणी शोधता यावा, इंटरनेट नसतानाही जुनी ड्रॉइंग उघडता यावी आणि विक्री, खरेदी व हिशेब यांचे वेगवेगळे पत्ते एकाच खिडकीत दिसावेत, या सोयींमुळे अशा ठिकाणी मेल प्रोग्राम पसंत केला जातो.

याच सोयीत धोकाही असतो. अशा खात्यात शिरलेला घुसखोर लगेच काही करेल असे नाही. कोणाचे बिल केव्हा देय आहे, पत्र कोणत्या भाषेत व कोणाच्या सहीने जाते, हे तो शांतपणे वाचत राहतो. योग्य वेळी तो मूळ पत्रव्यवहाराच्याच धाग्यात 'आमचे बँक खाते बदलले आहे, यापुढील रक्कम नव्या खात्यात भरावी' असे पत्र पाठवतो. पैसे भरणाऱ्याला पत्र ओळखीच्या पत्त्यावरून आल्याने शंका येत नाही. या प्रकारास व्यावसायिक ईमेल फसवणूक म्हणतात. अमेरिकेच्या एफबीआय या तपाससंस्थेकडे इ.स. २०२३ या एका वर्षात या प्रकाराच्या २१ हजारांहून अधिक तक्रारी आल्या आणि त्यांतील नुकसानीचा आकडा सुमारे २.९ अब्ज डॉलर होता.

महाराष्ट्रातील प्रकरणे

इ.स. २०१५ मध्ये ओएनजीसी व सौदी अराम्को या कंपन्यांमधील नाफ्ता विक्रीच्या व्यवहारात, ओएनजीसीच्या अधिकृत पत्त्याशी मिळताजुळता ईमेल पत्ता वापरून सुमारे १९७ कोटी रुपयांची रक्कम भलत्याच खात्यात वळवल्याची तक्रार मुंबई पोलिसांकडे नोंदवण्यात आली. या प्रकारात पत्त्यातील किरकोळ फरक खरेदीदाराच्या नजरेतून सुटला होता.

पुण्यातील पूना ऑटो अँसिलरीज या कंपनीचे प्रकरण उद्योगजगतात विशेष परिचित आहे. फसव्या ईमेलला प्रतिसाद दिला गेल्यानंतर कंपनीच्या पंजाब नॅशनल बँकेतील खात्यातून ८०.१० लाख रुपये परस्पर वळवण्यात आले. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालील न्यायनिर्णय अधिकारी या नात्याने महाराष्ट्राच्या माहिती तंत्रज्ञान सचिवांनी इ.स. २०१३ मध्ये बँकेने कंपनीस ४५ लाख रुपये द्यावेत, असा आदेश दिला. फसवणुकीची रक्कम ज्या खात्यांत गेली त्यांच्याबाबत पुरेशी सुरक्षा तपासणी न केल्याचा ठपका बँकेवर आला, तर फसव्या ईमेलला प्रतिसाद दिल्याबद्दल नुकसानीचा काही भार तक्रारदारावरही राहिला. ईमेलबाबतच्या निष्काळजीपणाची किंमत नंतर दाद मागतानाही मोजावी लागते, हे या निर्णयातून दिसते.

मेल प्रोग्रामचे कार्य

मेल प्रोग्राम सर्व्हरशी ठराविक नियमसंचांद्वारे संवाद साधतो. पत्र पाठवण्यासाठी एसएमटीपी हा नियमसंच वापरतात. त्याचे मूळ प्रमाण इ.स. १९८२ चे आहे. आलेली पत्रे घेण्यासाठी पॉप किंवा आयमॅप यांपैकी एक वापरला जातो. आयमॅपची रचना मार्क क्रिस्पिन यांनी इ.स. १९८६ मध्ये केली.

पॉप पद्धतीत पत्र सर्व्हरवरून संगणकावर उतरते आणि ती प्रत स्वतंत्र राहते. सर्व्हरवरील मूळ पत्र नंतर पुसले गेले तरी संगणकावरील प्रत शाबूत असते. आयमॅप पद्धतीत संगणकावरील फोल्डर हे सर्व्हरवरील फोल्डरचे प्रतिबिंब असते. घुसखोराने सर्व्हरवरील पत्रे पुसली, तर प्रोग्राम पुढील संपर्काच्या वेळी संगणकावरील पत्रेही काढून टाकतो. म्हणून आयमॅप वापरणाऱ्याने संगणकावरील पत्रांना सुरक्षित प्रत समजणे चुकीचे ठरते.

पूर्वी प्रोग्राम प्रत्येक वेळी पासवर्ड पाठवूनच प्रवेश मिळवत असे. ओऑथ २.० हे प्रमाण इ.स. २०१२ मध्ये प्रसिद्ध झाल्यानंतर निराळी पद्धत रूढ होत गेली. तीत खातेदार एकदा न्याहाळकात प्रवेश करतो आणि प्रोग्रामला 'टोकन' नावाचा डिजिटल परवाना मिळतो. गूगलने ३० मे २०२२ पासून वैयक्तिक खात्यांसाठी नुसत्या पासवर्डाने मेल प्रोग्राम जोडण्याची सोय बंद केली. मायक्रोसॉफ्टनेही आउटलुक डॉट कॉमच्या वैयक्तिक खात्यांसाठी ती सप्टेंबर २०२४ मध्ये बंद केली. मात्र स्वतःच्या डोमेनवरील अनेक खाती आजही केवळ पासवर्डावर चालतात.

पासवर्ड बदलल्यावरही उरणारे मार्ग

घुसखोर खात्यात शिरला की पुढे पासवर्ड बदलला जाईल हे गृहीत धरून आपली सोय करून ठेवतो. असे प्रमुख मार्ग पुढीलप्रमाणे:

• अग्रेषण: येणाऱ्या प्रत्येक पत्राची प्रत घुसखोराच्या पत्त्यावर जावी, अशी मांडणी सर्व्हरवर केली जाते.
• फिल्टर: 'बिल', 'पेमेंट', 'बँक' असे शब्द असलेली पत्रे सहसा न उघडल्या जाणाऱ्या फोल्डरमध्ये किंवा थेट कचऱ्यात टाकली जातात. त्यामुळे ग्राहकाने विचारलेली शंका खातेदारापर्यंत पोहोचतच नाही.
• ॲप पासवर्ड: दुपदरी पडताळणी असलेल्या खात्यांत मेल प्रोग्रामसाठी वेगळा पासवर्ड काढता येतो. गूगलमध्ये तो १६ अक्षरांचा असतो. त्यास पडताळणीचा दुसरा टप्पा लागत नाही. मुख्य पासवर्ड बदलल्यावर गूगल असे पासवर्ड आपोआप रद्द करते, परंतु प्रत्येक सेवा तसे करेलच असे नाही.
• टोकन: एखाद्या अपरिचित प्रोग्रामला पूर्वीच परवानगी दिली गेली असेल, तर तो पासवर्ड न विचारता पत्रे वाचत राहू शकतो.
• पुनर्प्राप्तीचा पत्ता व मोबाइल क्रमांक: हे बदलले असल्यास घुसखोर नवा पासवर्डही पुन्हा बदलू शकतो.
• प्रतिनिधी प्रवेश आणि उत्तराचा पत्ता: खाते वापरण्याचा अधिकार दुसऱ्या खात्यास दिलेला असू शकतो, किंवा उत्तरे भलत्याच पत्त्यावर जावीत अशी नोंद केलेली असू शकते.
• संगणक: पासवर्ड चोरणारी हानिकारक आज्ञावली संगणकातच असेल, तर नवा पासवर्डही टाइप करताच चोरीला जातो.

यांपैकी सर्व्हरवरील अग्रेषण व फिल्टर मेल प्रोग्राममध्ये सहसा दिसत नाहीत. थंडरबर्डच्या फिल्टर-यादीत केवळ त्या संगणकावरील फिल्टर असतात. म्हणून जो खातेदार वर्षानुवर्षे फक्त मेल प्रोग्रामच उघडतो, त्याने अशा वेळी न्याहाळकातून खात्यात प्रवेश करून तेथील सर्व मांडणी पाहणे अत्यावश्यक असते.

खाते सावरण्याचा क्रम

१. संगणक इंटरनेटपासून तोडणे. ज्या संगणकावर मेल प्रोग्राम आहे, त्याची नेटवर्क केबल काढावी किंवा वायफाय बंद करावे. त्यामुळे पत्रे पुसली जाणे थांबते, आणि प्रोग्राम जुन्या पासवर्डाने पुनःपुन्हा प्रयत्न करत नाही. अशा फसलेल्या प्रयत्नांमुळे काही सर्व्हर खाते किंवा संपूर्ण कार्यालयाचे इंटरनेट जोडणी-पत्ते तात्पुरते रोखतात.

२. दुसऱ्या यंत्रावरून पासवर्ड बदलणे. हे काम निर्दोष असल्याची खात्री असलेल्या संगणकावरून किंवा मोबाइलवरून न्याहाळकात करावे. नवा पासवर्ड लांब असावा आणि अन्य कोठेही वापरलेला नसावा. प्रवेशच मिळत नसेल, तर सेवादात्याच्या पुनर्प्राप्ती पृष्ठाचा आधार घ्यावा. नेहमीच्या ठिकाणाहून व पूर्वी वापरलेल्या यंत्रावरून केलेली मागणी गूगलकडे यशस्वी होण्याचा संभव अधिक असतो, म्हणून ओळखीचा मोबाइल येथे उपयोगी पडतो.

३. सर्व यंत्रांवरील प्रवेश संपवणे. सुरू असलेली सर्व सत्रे बंद करावीत. सर्व ॲप पासवर्ड रद्द करावेत आणि बाहेरील प्रोग्रामांना दिलेल्या परवानग्या काढून घ्याव्यात. स्वतःचा मेल प्रोग्रामही यात तुटेल, परंतु तो नंतर पुन्हा जोडता येतो.

४. मांडणी तपासणे. अग्रेषण, फिल्टर, प्रतिनिधी, उत्तराचा पत्ता, सही, पुनर्प्राप्तीचा पत्ता व क्रमांक हे सर्व पाहावे. सहीतील बँक तपशील किंवा फोन क्रमांक बदललेला नाही ना, हेही पाहावे. अनोळखी नोंद पुसण्यापूर्वी तिचे छायाचित्र किंवा पडद्याचे चित्र घेऊन ठेवावे. तीच पुढे पुरावा ठरते.

५. दुपदरी पडताळणी सुरू करणे. ऑथेंटिकेटर ॲप किंवा भौतिक सुरक्षा कळ ही एसएमएसपेक्षा अधिक विश्वासार्ह मानली जाते. राखीव संकेतांक कागदावर लिहून सुरक्षित ठेवावेत.

६. पत्रांची स्वतंत्र प्रत घेणे. इंटरनेट बंद असतानाच मेल प्रोग्राम उघडावा. थंडरबर्डमध्ये महत्त्वाची पत्रे 'लोकल फोल्डर्स' या विभागात उतरवता येतात. पारंपरिक आउटलुकमध्ये ती पीएसटी फाइलमध्ये निर्यात करता येतात. संगणकावर पूर्णपणे उतरलेलीच पत्रे अशा रीतीने वाचवता येतात.

७. संगणक स्वच्छ करणे. अद्ययावत प्रतिविषाणू आज्ञावलीने संपूर्ण तपासणी करावी. भारत सरकारच्या सर्ट-इन या संस्थेने फेब्रुवारी २०१७ मध्ये सुरू केलेले सायबर स्वच्छता केंद्र अशी साधने विनामूल्य उपलब्ध करून देते. शंका उरल्यास आवश्यक फायलींची प्रत घेऊन कार्यप्रणाली नव्याने बसवावी. विंडोज ७ चे सुरक्षा अद्यतन जानेवारी २०२० मध्ये थांबले व विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. अशा जुन्या संगणकावर खाते पुन्हा जोडणे धोक्याचे ठरते.

मेल प्रोग्राम पुन्हा जोडणे

संगणक स्वच्छ झाल्यावर प्रोग्राममध्ये साठवलेले जुने पासवर्ड प्रथम पुसावेत. थंडरबर्डमध्ये ते गोपनीयता व सुरक्षा या मांडणीत सापडतात. पारंपरिक आउटलुक ते विंडोजच्या क्रेडेन्शियल मॅनेजरमध्ये ठेवते. पत्रे घेण्याचा आणि पाठवण्याचा पासवर्ड थंडरबर्डमध्ये स्वतंत्रपणे साठवला जातो. त्यामुळे एक बदलून दुसरा तसाच राहिल्यास पत्रे येतात, पण जात नाहीत. हा दोष घुसखोरीचा समजून पुष्कळदा व्यर्थ धावपळ होते.

शक्य तेथे ओऑथ २.० ही प्रवेशपद्धती निवडावी. ती उपलब्ध नसेल तरच ॲप पासवर्ड काढावा, तोही प्रत्येक संगणकासाठी वेगळा, म्हणजे एखादा संगणक बाद झाल्यास फक्त त्याचाच पासवर्ड रद्द करता येतो. जोडणी सांकेतिकच असावी. आयमॅपसाठी ९९३, पॉपसाठी ९९५ आणि पत्र पाठवण्यासाठी ४६५ किंवा ५८७ हे पोर्ट सर्वसाधारणपणे वापरले जातात. जुन्या मांडणीत ११० किंवा १४३ हे पोर्ट सांकेतिकीकरणाशिवाय ठेवलेले आढळल्यास ते बदलावे.

थंडरबर्डमध्ये मुख्य पासवर्ड ठेवण्याची सोय आहे, पण ती आपोआप सुरू नसते. मुख्य पासवर्ड नसेल, तर प्रोग्रामच्या फायलींची प्रत मिळवणारी व्यक्ती साठवलेले सर्व पासवर्ड वाचू शकते. एकच संगणक अनेकजण वापरत असलेल्या कार्यालयात ही सोय सुरू करणे विशेष गरजेचे आहे.

स्वतःच्या डोमेनवरील खाती

अनेक लघुउद्योगांचे ईमेल पत्ते स्वतःच्या डोमेनवर, सामायिक होस्टिंग सर्व्हरवर असतात. येथे खात्याच्या पासवर्डाखेरीज होस्टिंगच्या नियंत्रण पटलाचा पासवर्डही बदलावा लागतो. तो हाती असलेली व्यक्ती कोणत्याही खात्याचा पासवर्ड बदलू शकते व अग्रेषण लावू शकते. पुष्कळ ठिकाणी हा पटल संकेतस्थळ बनवून देणाऱ्याच्या नावावर राहतो आणि गरजेच्या वेळी मालकाला तेथे शिरता येत नाही. डोमेनची मालकी, नूतनीकरणाची तारीख व पटलाचा पासवर्ड यांची नोंद मालकाकडे असणे म्हणूनच आवश्यक ठरते.

एसपीएफ, डीकिम व डीमार्क या डोमेन-नोंदींमुळे त्या डोमेनच्या नावाने बाहेरून पाठवलेली बनावट पत्रे ओळखता येतात. मात्र खरे खातेच अपहृत झाले असेल, तर घुसखोराचे पत्र खऱ्या सर्व्हरवरून जाते आणि या कसोट्यांना उतरते. ओएनजीसी प्रकरणासारख्या मिळत्याजुळत्या पत्त्यांवरही या नोंदींचा उपाय चालत नाही, कारण तो पत्ता निराळ्याच डोमेनवर असतो.

ग्राहक व पुरवठादारांना कळवणे

खाते अपहृत झाल्याचे कळताच व्यवहारातील सर्वांना कळवणे हा पुनर्सुरक्षेचाच भाग आहे. ही सूचना त्याच ईमेलने न देता दूरध्वनीवरून द्यावी. दूरध्वनी क्रमांक अलीकडच्या पत्रातून न घेता जुन्या बिलावरून किंवा करारावरून घ्यावा. बँक खाते बदलल्याची सूचना ईमेलने आल्यास ओळखीच्या व्यक्तीशी प्रत्यक्ष बोलल्याशिवाय रक्कम भरू नये, हा नियम दोन्ही बाजूंनी पाळल्यास अपहरण होऊनही आर्थिक हानी बहुधा टळते. संकोचापोटी ही सूचना लांबवली जाते आणि त्या काही दिवसांतच मोठी रक्कम जाते.

तक्रार व कायदा

पैसे गेले असल्यास १९३० या राष्ट्रीय मदतक्रमांकावर तत्काळ दूरध्वनी करावा आणि आपल्या बँकेस कळवावे. रक्कम पुढच्या खात्यात वळण्यापूर्वी ती गोठवली जाण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच अधिक असते. राष्ट्रीय सायबर गुन्हे नोंदणी पोर्टलवरही तक्रार करता येते. मोशी, भोसरी व चाकण हा परिसर १५ ऑगस्ट २०१८ रोजी कार्यान्वित झालेल्या पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या अखत्यारीत येतो. सर्ट-इनच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार कंपन्यांनी अशा घटना निदर्शनास आल्यापासून सहा तासांच्या आत त्या संस्थेस कळवणे बंधनकारक आहे.

माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० च्या कलम ६६-क नुसार दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरणे आणि कलम ६६-ड नुसार संगणकाद्वारे तोतयेगिरी करून फसवणे हे गुन्हे आहेत. क, ड ही अक्षरे मूळ इंग्रजी मसुद्यातील सी व डी यांच्या जागी येथे वापरली आहेत. दोन्हींस तीन वर्षांपर्यंत कारावास व एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. ही कलमे इ.स. २००८ च्या दुरुस्तीने आली व २७ ऑक्टोबर २००९ पासून लागू झाली. पाच कोटी रुपयांपर्यंतच्या नुकसानभरपाईसाठी कलम ४६ खालील न्यायनिर्णय अधिकाऱ्याकडे दाद मागता येते. पूना ऑटो अँसिलरीजचा निर्णय याच तरतुदीखालील होता.

पुराव्यासाठी संशयास्पद पत्रे पुसू नयेत व नुसती पुढेही पाठवू नयेत, कारण पुढे पाठवताना मूळ शीर्षनोंदी नाहीशा होतात. पत्र कोणत्या सर्व्हरमधून आले याची माहिती त्या नोंदींत असते. थंडरबर्डमध्ये कंट्रोल व यू या कळा एकत्र दाबून त्या पाहता येतात आणि पत्र स्वतंत्र फाइल म्हणून जतन करता येते. इलेक्ट्रॉनिक नोंदी न्यायालयात सादर करताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र जोडावे लागते.

नंतरची देखरेख

खाते सावरल्यानंतर काही आठवडे न्याहाळकातून अग्रेषण व फिल्टर पुन्हा पाहावेत, तसेच अलीकडील प्रवेशांची यादी तपासावी. जीमेलमध्ये ती संगणकावरील पृष्ठाच्या तळाशी 'तपशील' या दुव्यावर मिळते. मेल प्रोग्रामचे प्रवेशही तेथे दिसतात. ज्या अन्य सेवांची नोंदणी या ईमेलवर झाली आहे, त्यांचे पासवर्डही बदलणे आवश्यक असते. बँक, जीएसटी पोर्टल, आयकर खाते, समाजमाध्यमे यांचे विसरलेले पासवर्ड याच पत्त्यावरून नव्याने मिळतात, त्यामुळे ईमेल ज्याच्या ताब्यात त्याच्या हाती ती खातीही जाऊ शकतात. मेल प्रोग्रामचा वापर सोडण्याची मात्र गरज नसते. महिन्यातून एकदा न्याहाळकातून खात्याची मांडणी पाहण्याची आणि पत्रांची वेगळी प्रत बाह्य डिस्कवर घेण्याची सवय ठेवल्यास तो पुढेही सुरक्षितपणे वापरता येतो.